थाळीवाल्या पोरीचा बायस्कोप

गोंदियात पक्की टॉकीज झाली तेव्हापासून आमच्याकडे दोन बायका भेटल्या की बोलणं सिनेमावर येतं. तुला कोणता आवडला, मला कोणता आवडला. का आवडला असं विचारावं तर एकीला गाणी आवडलेली असतात, दुसरीला नटीचं लुगडं. अशा गप्पांत मी फार वेळ बसू शकत नाही, माझी चिडचिड होते. सिनेमा आवडणं म्हणजे काय असतं ते मी एका बाईच्या बाबतीत अगदी जवळून पाहिलं आहे. सुखवंताबाई तिचं नाव. गेल्या पौषात ती वारली. तिच्यामागे तिच्याविषयी सांगणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून मी सांगते.

सुखवंताबाई माझी मोठी माय, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माहेर गोरेगावकडचं. पोवारांच्या शेतकरी घरात जन्मली आणि तसल्याच घरात मुर्रीला नांदायला आली. धानाच्या रोवणीत तिचा हात धरणारी बाई गावात नव्हती. बोलणं मात्र तुटक, आणि जे बोलायची ते फटकळ. तिचा नवरा रूपलाल, माझा मोठा बाबा, तिच्याहूनही कमी बोलायचा. या दोघांच्या घरात बैलच काय ते हंबरून आवाज करतात, असं माझी आई थट्टेनं म्हणायची. मोठ्या बाबाला कुणी कधी आवाज चढवून बोलताना ऐकलं नव्हतं. त्याच्या आईसमोर तर तो मान वर करून उभाही राहत नसे.

मोठ्या मायची एक सवय आम्हा पोरांना कोड्यात टाकायची. आम्ही जेवायला बसलो की ती ताटं वाढायची आणि लगेच चुलीकडे तोंड करून बसायची. भात हवा असला तर तिच्या पाठीला हाक मारावी लागे. ती मागे हात करून भांडं द्यायची, पण वळून बघायची नाही. मी लहानपणी समजत होते की तिला आमचा राग येतो.

राग नव्हता. तिला एक मुलगी झाली होती, दुलारी. मी जन्मायच्या आधीच ती गेली, त्यामुळे मी तिला पाहिलेलं नाही. दुलारी डावरी होती. भोवरा डाव्या हातानं फिरवायची, खडा डाव्या हातानं मारायची, ते कुणी मनावर घेत नव्हतं. पण जेवायलाही डावाच हात पुढे यायचा आणि ते आमच्या आजीला खपत नव्हतं. डाव्या हाताच्या पोरीला कोण करून घेईल, असं ती रोज म्हणायची. शेवटी तिनं सुनेला हुकूम केला की पोरीचा हात बांधत जा. मोठ्या मायनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि जेवायच्या वेळी दुलारीचा डावा हात कमरेशी बांधायला लागली. पोर रडायची, उजव्या हातानं सांडत-सांडत खायची आणि अर्ध्यावर उठायची. हळूहळू बांधायची गरज उरली नाही. आईनं नुसतं बघितलं की ती हात बदलायची.

मग मानमोडीची साथ आली. गावागावांत माणसं पटापट मेली तेच ते वर्ष. दुलारी तापानं पडली. एका सकाळी ताप थोडा उतरला आणि तिनं पेज मागितली. मोठ्या मायनं मीठ घालून पेजेचा कटोरा तिच्यापुढे ठेवला. आजी समोरच बसली होती. पोरीच्या अंगात बसायचंही बळ नव्हतं. तिचा डावा हात कटोऱ्याकडे गेला. तिनं वर आईकडे पाहिलं आणि हात मागे घेऊन वाकळीखाली लपवला. मोठी माय एक अक्षर बोलली नव्हती. दुलारीनं त्यानंतर काही खाल्लं नाही. दिवस मावळायच्या आत ती गेली.

हे मोठ्या मायनंच मला सांगितलं, धान पाखडताना, हातातलं सूप न थांबवता. "मी काईच नाई म्हटलं तिले," ती म्हणाली. "नुसती पायली. तेवढ्यानं तिनं हात मांगं घेतला." पुढे म्हणाली, "म्या एकलीनंच पायलं ते. सासूची नजर नोहती तिकडं." त्यानंतर तिला मूल झालं नाही. जेवणाऱ्या पोराकडे तिनं पुन्हा बघितलं नाही.

आता बायस्कोपकडे येते.

नागऱ्याला महादेवाचं जुनं देऊळ आहे आणि शिवरात्रीला तिथे जत्रा भरते. तेव्हा बायस्कोप मुका होता आणि मुन्नालाल नावाचा माणूस दरवर्षी आपला तंबू घेऊन यायचा. त्याचं मशीन आणि सामान गोंदियाच्या ठेसनवरून नागऱ्याला मोठ्या बाबाच्याच बैलगाडीतून जायचं, त्यामुळे आमच्या घराशी त्याची चांगली ओळख होती. आमच्याकडच्या बायका परक्या पुरुषांसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत, मग पुरुषांच्या सोबत तंबूत कशा बसणार? मुन्नालालनं तोड काढली होती. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा. पुरुष पडद्यासमोर, मशीनच्या बाजूला. बायका पडद्यामागे. खेळ सुरू व्हायच्या आधी पडद्यावर पाणी मारायचे, म्हणजे ओल्या कापडातून चित्र आरपार दिसायचं. बिसराम नावाचा त्याचा माणूस पडद्याच्या कडेला उभा राहून हिंदीत गोष्ट ओरडून सांगायचा. ती दोन्ही बाजूंना ऐकू जायची.

पडद्यामागून पाहिलं की सगळं उलटं दिसतं. आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. बायकांनी आयुष्यात चित्र पाहिलं ते त्याच बाजूनं. पडद्यावरचा राजा तलवार डाव्या हातानं उपसायचा, ऋषी आशीर्वाद डाव्या हातानं द्यायचा. पहिल्या वर्षी बायका हसल्या. मग शेजारच्या अनुसयाबाईनं बोट दाखवलं. ऋषीचं जानवं उजव्या खांद्यावर होतं. जानवं उजव्या खांद्यावर कधी घेतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पितरांच्या कामाला.

"हे मेलेले लोक होत वो," अनुसयाबाई म्हणाली. "जित्या मानसाचं असं उलटं राहते का?"

कुणी तिला हसलं नाही. माणसं दिसतात, हलतात, ओठ हलवतात, पण आवाज येत नाही, रंग नाही आणि सगळं उलटं. पितरांचं जग याहून वेगळं काय असणार? बायकांनी पदर सावरले आणि काहींनी हात जोडले. त्या दिवसापासून मुर्रीच्या बायका बायस्कोपला जाताना घरच्या मेलेल्या माणसांची आठवण काढून जायच्या.

त्याच जत्रेत तो खेळ लागला. खरं नाव काय होतं देव जाणे. बायका त्याला थाळीवाल्या पोरीचा बायस्कोप म्हणायच्या. एका राजाची लहान मुलगी रानात हरवते, उपाशी फिरते, शेवटी एका म्हाताऱ्या गुराख्याच्या झोपडीशी येते. त्याची म्हातारी तिच्यापुढे भाताची थाळी ठेवते. पोरगी जेवायला लागते. खूप वेळ जेवते, बोटं चाटते, पुन्हा मागते, म्हातारी पुन्हा वाढते. पुढे राजा तिला शोधत येतो, लढाई होते, ते सगळं असतंच. पण मोठी माय त्या थाळीपाशीच थांबली.

पोरगी डाव्या हातानं जेवत होती आणि म्हातारी काही म्हणत नव्हती.

मी मोठ्या मायच्या मांडीवर होते. जेवणाऱ्या पोराकडे कधी न बघणारी बाई पापणी न हलवता बघत होती. परतताना बैलगाडीत ती आपण होऊन बोलली. पुढे गाडी हाकणाऱ्या नवऱ्याला म्हणाली, "तिथं तिले कोनी काई म्हनत नाई. पोटभर खाल्लं तिनं. डाव्याच हातानं."

मोठा बाबा म्हणाला, "हो."

ती फिल्म मुन्नालालची स्वतःची होती, त्यामुळे जत्रेत तो ती दरवर्षी एकदा तरी लावायचाच. मोठी माय दरवर्षी जायची. इतर खेळांना तिला जबरदस्ती न्यावं लागे, या खेळाला ती दुपारपासून तयार. ती पोरगी दुलारीच आहे असं ती कधी तोंडानं म्हणाली नाही. तोंडावळा वेगळा आहे हे तिलाही दिसत होतं. पण तिकडे उपाशी पोरांना डाव्या हातानं जेवू देतात, एवढं तिला पुरत होतं. येताना बैलगाडीत ती तेच सांगायची आणि मोठा बाबा तेच म्हणायचा, "हो."

मी गोंदियाच्या शाळेत जायला लागले, अक्षरं यायला लागली, तेव्हा पडद्यावरची अक्षरं उलटी आहेत हे मला कळलं. एका वर्षी आईचा निरोप सांगायला मी कनातीच्या कडेनं पुरुषांच्या बाजूला गेले. समोर तोच खेळ चालला होता. पोरगी उजव्या हातानं जेवत होती. मी तिथेच उभी राहिले. पुरुषांत, पहिल्या रांगेच्या टोकाला, मोठा बाबा बसला होता. तो दरवर्षी तिथेच बसायचा. म्हणजे दरवर्षी तो हेच बघत होता आणि दरवर्षी घरी जाताना हो म्हणत होता. मी मुकाट्यानं मागे आले. मोठ्या मायचा चेहरा पाहिला आणि मलाही हो म्हणण्याशिवाय दुसरं काही सुचलं नसतं.

असं चाललं असतं, पण बोलपट आला. मुन्नालालनं नवं मशीन आणलं आणि त्यासोबत नवा पडदा. जाड, एका बाजूनं पांढरा रंग दिलेला. त्यातून मागे काही म्हणता काही दिसत नव्हतं. मग त्यानं जाहीर केलं की यंदा बायकाही समोरच बसतील, मधे दोर बांधून डावीकडे. गावातल्या म्हाताऱ्यांनी आधी तोंडं वाकडी केली, पण बोलपटाचं वेड असं की दोन दिवसांत सगळे गप्प झाले. जुनी मुकी फिल्म तो जुन्याच मशीनवर आता शेवटचीच दाखवणार होता, जत्रेच्या शेवटच्या दिवशी. मोठ्या मायला तेवढंच कळलं होतं. आता समोरून आणखी नीट दिसेल, म्हणून ती खूश होती.

मोठा बाबा त्या आठवड्यात नीट जेवला नाही. त्यानं तिला सांगून पाहिलं की यंदा नको जाऊ, गर्दी लय हाय. ती म्हणाली, "आखरीचा खेळ हाय अन् मी जाऊ नाई?"

शेवटच्या दिवशी दुपारी तो माझ्या वडिलांना घेऊन मुन्नालालकडे गेला. पुढचं मला वडिलांनी सांगितलं. मागे कधीतरी एका दुसऱ्या खेळात मशीनवाल्यानं चुकून फिल्मची चकती उलट्या अंगानं चढवली होती, पुरुषांना अक्षरं उलटी दिसली होती आणि सगळे हसले होते. मोठ्या बाबाच्या ते लक्षात राहिलं होतं. त्यानं मुन्नालालला विचारलं, तशी मुद्दाम चढवता येईल का?

मुन्नालाल म्हणाला, "पागल हो गए क्या, रूपलाल? पब्लिक तंबू फाड़ देगी."

दुलारीचं सगळं मोठ्या बाबानं कसंबसं सांगितलं, मधेमधे वडिलांनी सांगितलं. मुन्नालाल बराच वेळ मशीन पुसत राहिला. मग म्हणाला, "पूरी फिल्म नहीं. सिर्फ वो थाली वाली चकरी. आगे तुम संभालना."

संध्याकाळी तंबू गच्च भरला. बायका दोराच्या अलीकडे, सगळ्यांत पुढे मोठी माय आणि शेजारी मी. मुन्नालालशी काय बोलणं झालं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की आता ती थाळी येणार आणि या बाईचं राहिलेलं एकच सुख माझ्या डोळ्यांदेखत मोडणार. राजा आला, तलवार उजव्या हातात. मोठ्या मायच्या कपाळावर आठी पडली. ऋषी आला, जानवं डाव्या खांद्यावर. तिनं माझा हात घट्ट धरला. "हे असं काऊन?" ती पुटपुटली.

चकती संपली. मशीनवाल्यानं दुसरी चढवली. पडद्यावर आधी अक्षरं आली, आणि ती उलटी होती.

पुरुषांत हशा पिकला. "उलटी चढली बे!" "सीधी लगाओ!" पोरगी झोपडीशी आली तरी ओरडा थांबेना. शिट्ट्या सुरू झाल्या, कुणीतरी पडद्यावर गुळाचा खडा फेकला. म्हातारीनं थाळी ठेवली. मशीनवाला गांगरला, त्यानं दांडा सोडला आणि चित्र थांबलं. मुन्नालाल हात जोडून उभा राहिला, "लगाता हूँ भैया, सीधी लगाता हूँ."

तेवढ्यात पहिल्या रांगेच्या टोकाचा एक माणूस उठला आणि लोकांकडे तोंड करून ओरडला, "चालू दे तशीच! पोरीचं जेवन होऊ दे!"

तो मोठा बाबा होता. त्याचा आवाज फाटला होता. सगळी जत्रा त्याच्याकडे बघत होती आणि तो मशीनच्या उजेडात उभा होता. "जेवन होऊ दे तिचं," तो पुन्हा म्हणाला. "मंग काय लावाचं ते लावा."

मुर्रीच्या माणसांना दुलारी माहीत होती. श्यामलाल नावाचा आमचा एक भाऊबंद उठला आणि शिट्टी वाजवणाऱ्याला खांदा धरून खाली बसवलं. बाकीचे आपोआप गप्प झाले. मशीन पुन्हा फिरलं. बिसरामही गोष्ट सांगायचा थांबला. त्या भरल्या तंबूत सगळ्यांनी मिळून एका पोरीला डाव्या हातानं जेवताना पाहिलं. तिनं बोटं चाटली, पुन्हा मागितलं, म्हातारीनं पुन्हा वाढलं. मोठी माय मात्र पडद्याकडे बघत नव्हती. ती दोरापलीकडे नवऱ्याकडे बघत होती.

परतताना बैलगाडीत आम्ही तिघंच होतो. नागऱ्याची वस्ती मागे पडली.

"अजी," मोठी माय म्हणाली, "समोरून ते उजव्या हातानं जेवते ना?"

त्यानं बैलांना चुचकारलं.

"मी पुसून राहिली तुमाले."

"हो. उजव्याच."

"दरसाली?"

"दरसाली."

"मंग मी सांगत होती तवा हो काऊन म्हनत होते तुमी?"

मोठ्या बाबानं कासरा ओढून बैल थांबवले. तो मागे वळला नाही.

"त्या सकारी मी दारातच उभा होतो," तो म्हणाला. "पोरीनं हात मांगं घेतला तो मी बी पायला."

घरात आम्ही सगळे समजत होतो की त्या सकाळी तो खळ्यावर होता. तो स्वतःच तसं सांगत आला होता. मोठ्या मायनं अगदी हळू विचारलं, "मंग तवा बोलले काऊन नाई?"

"माय बसली होती समोर."

"अन् आज त सारी जत्रा बसली होती."

"हो," मोठा बाबा म्हणाला. "आज सारी जत्रा होती तरी बोललो. तवा एकली माय होती."

एवढं बोलून तो रडायला लागला. मोठा माणूस असा रडतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली आणि त्याची फार दया आली. मोठी माय रडली नाही. "मले वाटे, म्या एकलीनंच पायलं," ती म्हणाली. मग ती उठली, पुढे जाऊन त्याच्या शेजारी बसली, त्याच्या हातातून कासरा घेतला आणि मुर्री येईपर्यंत बैल तिनंच हाकले.